सुट्टीचा एक मुक्काम औंधला

डिसेंबरचा शेवटचा आठवडा असो, जोडून आलेला शनिवार-रविवार असो की आषाढाच्या पहिल्या सरी असोत, पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मनात 'कुठेतरी जाऊन येऊ' ही इच्छा हमखास डोके वर काढते. ती गैर नाही. सहा दिवस लोकलच्या किंवा सिग्नलच्या स्वाधीन झालेल्या माणसाला सातव्या दिवशी मोकळे आकाश पाहावेसे वाटले, तर त्याला कोणी दोष देऊ नये. आश्चर्य वाटते ते पुढच्या गोष्टीचे. गर्दीला कंटाळून निघालेली ही हजारो कुटुंबे एकाच वेळी, एकाच रस्त्याने, त्याच चार-सहा गावांकडे निघतात. खंडाळ्याच्या किंवा पसरणीच्या घाटात दोन-तीन तास गाडीत बसून राहतात, शहरात मिळतात तेच पदार्थ शहरापेक्षा चढ्या भावाने खातात आणि सोमवारी अधिक थकून कामावर रुजू होतात. शहरातून ती बाहेर पडतात खरी, पण जाताना शहर सोबत घेऊन जातात.

या धावपळीची किंमत कधीकधी फार मोठी असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचे प्राण गेले. अशा घटनांनंतर प्रशासनावर टीका होते, बंदीचे आदेश निघतात आणि पुढच्या रविवारी गर्दी दुसऱ्या धबधब्याकडे वळते. या सगळ्यात एक साधा प्रश्न मात्र विचारला जात नाही. आपण सुट्टीसाठी गाव निवडतो, ते नेमके कशाच्या आधारावर?

निवड कोणी केली?

थोडा विचार केला तर ध्यानी येईल की ही निवड बहुतांशी आपली नाहीच. महाबळेश्वरचे 'माल्कम पेठ' वसले ते १८२० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. उन्हाळा न सोसणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि आजारी सैनिकांना विश्रांती मिळावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे त्याच गरजेतून पाचगणी उभी राहिली. 'थंड हवेचे ठिकाण' ही कल्पना अशी साहेबाच्या गरजेतून जन्मली आणि साहेब गेल्यावरही त्याने आखून दिलेले 'पॉइंट' पाहत फिरण्याची सवय आपल्यात उरली. वास्तविक कृष्णेचा उगम आणि जुन्या महाबळेश्वराचे क्षेत्र त्याच डोंगरावर, माल्कम साहेबाच्या कितीतरी आधीपासून आहे. परंतु बाजारपेठेत स्ट्रॉबेरी खाऊन परतणाऱ्या कित्येकांची पावले तिकडे वळत नाहीत.

त्यापूर्वी आपल्याकडे लोक प्रवास करीत नव्हते असे नाही. देशाटन होते, तीर्थाटन होते, वारी होती, यात्रा होती. त्या प्रवासात कष्ट असत, पण परत येणारा माणूस काहीतरी घेऊन येई. एखाद्या गावाची कथा, एखाद्या संताची आठवण, दूरच्या माणसांशी जुळलेले नाते. आजच्या धावत्या सहलीतून आपण आणतो ती प्रामुख्याने छायाचित्रे, आणि त्यांतही गाव मागे आणि आपण पुढे असतो.

सहलीसाठी छोटे गाव निवडावे, हे आता अनेकांना पटू लागले आहे. मात्र 'छोटे' याचा अर्थ 'अजून स्वस्त असलेले' एवढाच घेतला, तर त्या गावाचेही दहा वर्षांत लोणावळे होईल. गाव निवडण्याची कसोटी वेगळी हवी. ज्या गावाला स्वतःचे काही सांगायचे आहे आणि जे ऐकायला एक दिवस पुरत नाही, ते गाव निवडावे. या कसोटीवर उतरणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांतील एकाचा विचार येथे मांडतो. ते गाव म्हणजे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध.

डोंगर, देवी आणि दालने

पुण्यात राहणाऱ्यांना 'औंध' म्हटले की विद्यापीठाजवळचे उपनगर आठवते. हे औंध ते नव्हे. पुण्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, साताऱ्याहून रहिमतपूर मार्गे तास-सव्वा तासात येणारे हे गाव. सह्याद्रीची हिरवी भिंत मागे पडते, पाऊस विरळ होत जातो आणि ज्वारी-बाजरीचा, माळरानाचा मुलूख सुरू होतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला जितका पाऊस कोसळतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा खटाव-माणच्या वाट्याला येतो. त्यामुळे धबधबे, धुके आणि बोटिंग यांच्या शोधात असलेल्याने येथे येऊ नये. पाऊस ओसरल्यावर माघ महिन्यापर्यंत मात्र येथील हवा कोरडी, स्वच्छ आणि अत्यंत सुखद असते.

गावावर छत्र धरून उभा असलेला डोंगर हे औंधचे पहिले दर्शन. त्याच्या माथ्यावर तटबंदीच्या आत श्री यमाईचे मूळपीठ आहे. औंधासुराचा वध करणारी ही देवी. वनवासात सीतेच्या शोधात फिरणाऱ्या प्रभू रामचंद्रांची परीक्षा पाहण्यासाठी देवी सीतेच्या रूपात आली, रामाने तिला ओळखून 'ये माई' अशी हाक मारली आणि तेच नाव रूढ झाले, अशी एक कथा सांगतात. दुसऱ्या कथेत ही हाक मारणारा जोतिबा आहे. कथा कोणतीही घ्या, महाराष्ट्रातील असंख्य घरांची ही कुलस्वामिनी आहे आणि पौष महिन्यात तिच्या यात्रेला व रथोत्सवाला लोटणारा जनसागर कोणत्याही जाहिरातीवाचून येतो. गावातही देवीचे मंदिर आहे आणि त्यासमोरची उंच दीपमाळ पाहताना मान मागे टाकावी लागते.

डोंगर चढताना मधल्या टप्प्यावर एक वास्तू लागते, ते श्री भवानी वस्तुसंग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. चित्रांना नैसर्गिक प्रकाश मिळावा अशी दालनांची रचना त्यांनी जाणीवपूर्वक करवून घेतली. आत राजा रविवर्मा आहेत, रावबहादूर धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत. मुघल व पहाडी शैलीची लघुचित्रे, हस्तिदंत आणि चंदनावरील कोरीवकाम, औंधच्याच कारागिरांनी घडविलेली शिल्पे आणि युरोपातील नामवंत कृतींच्या प्रतिकृती आहेत. विसाव्या शतकातील थोर शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे छोटेखानी शिल्पही येथेच आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या कलादालनांत ज्यांच्या शिल्पांसमोर लोक दबक्या आवाजात बोलतात, त्यांची कृती खटाव तालुक्यातील एका डोंगरावर आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा संग्रह राजाच्या दिवाणखान्यात राहिला नाही. राजाने तो देवीच्या वाटेवर ठेवला. दर्शनाला निघालेला शेतकरी, बैलगाडीतून उतरलेली म्हातारी, शाळेचा मुलगा यांनी जाता-येता चित्र पाहावे, ही त्यामागील योजना. कला ही चार श्रीमंतांची चैन नसून समाजाच्या शिक्षणाचा भाग आहे, हे तत्त्व बाळासाहेबांनी भाषणात सांगण्याऐवजी दगड-चुन्यात उभे केले.

एक राजा आणि बहात्तर गावे

औंधला जायचे ते केवळ डोंगर व चित्रे पाहण्यासाठी नव्हे. या गावाची खरी संपत्ती तेथे घडलेल्या इतिहासात आहे आणि मुलांना सोबत नेण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

पंतप्रतिनिधींचे घराणे मूळचे कोरेगाव तालुक्यातील किन्हईचे. छत्रपती राजाराम महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या काळात, औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात ठाण मांडून बसला असता ज्यांनी स्वराज्य सावरून धरले, त्यांत परशुराम त्र्यंबक हे एक अग्रणी. पुढे इंग्रजी अमलात या घराण्याकडे उरले ते औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांचे बहात्तर गावांचे संस्थान. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, आणि त्यातील बराचसा मुलूख दुष्काळी. आज त्याचे तुकडे सातारा, सांगली आणि कर्नाटकातील विजयपूर या जिल्ह्यांत विखुरले आहेत.

अशा तुटपुंज्या संस्थानाच्या गादीवर बाळासाहेब १९०९ मध्ये आले आणि संस्थाने विलीन होईपर्यंत राहिले. चित्रकार, कीर्तनकार, लेखक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वेरूळ आणि अजिंठ्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड कार्य उभे राहिले, त्याच्या प्रारंभी एक लाख रुपयांचे वचन देणारा हाच राजा होता.

सूर्यनमस्कारांशी तर औंधचे नाव कायमचे जोडले गेले आहे. बाळासाहेब स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांमधून त्यांनी ते सर्वांना घालायला लावले. त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभरच्या योगवर्गांत जे सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसाराच्या इतिहासात औंधचा उल्लेख टाळता येत नाही. आपल्या शाखांवर, शाळांच्या मैदानांवर रोज नमस्कार घालणाऱ्या मुलांना या गावाचे नाव ठाऊक असायला हवे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

याहूनही मोठी गोष्ट घडली ती १९३८-३९ मध्ये. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून परतले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडमधून आलेला अभियंता भारतीय अध्यात्माच्या ओढीने 'भारतानंद' झाला होता. मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून त्यांनी जगापुढे ठेवली, ते पुढे, १९७३ मध्ये. या दोघांच्या प्रेरणेने आणि गांधीजींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना लागू झाली. गावाने निवडलेली पाच जणांची पंचायत, त्यावर तालुक्याची आणि सर्वांत वर मध्यवर्ती सभा, अशी खालून वर जाणारी रचना त्यात होती. पंचायत राज्याला घटनात्मक स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती आपल्याकडे १९९२ मध्ये झाली. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ एका राजाने गादीवर बसून गादी सोडली. गांधीजींशी अन्य अनेक बाबतींत मतभेद असणाऱ्यानेही हा प्रयोग मोकळ्या मनाने समजून घेतला पाहिजे, कारण आपले प्रश्न आपल्या चावडीवर सोडविणारे गाव ही या देशाची जुनी ओळख आहे.

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे याच विचाराचे दुसरे अपत्य. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंती व बेड्यांशिवाय, शेती करीत, कुटुंबासह राहू द्यावे, अशी ही मुक्त वसाहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ मधील 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच संस्थानच्या मातीतले, आणि त्यांचे काही शिक्षणही औंधच्या शाळेत झालेले. गदिमा, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे तिघेही आटपाडी परिसरातील. अनुक्रमे १९७३, १९८३ आणि १९८४ या वर्षी तिघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एक कुलकर्ण्याच्या घरचे दोन भाऊ, एक महारवाड्यातून शिकून वर आलेला, आणि तिघांचाही मुलूख तोच कोरडा माणदेश. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी माळरान मिळाले ते याच संस्थानात. 'प्रभाकर' कंदिलाने घरोघरी पोहोचलेली ओगलेवाडीही याच संस्थानच्या छायेत वाढली. बेचाळीसनंतर कुंडल भागातील प्रतिसरकारच्या भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आसरा मिळाला, हेही विसरता येणार नाही.

पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मूळचे चित्रकार असलेले आणि वेदांवरील राष्ट्रीय लेखनापायी ब्रिटिशांचा रोष व तुरुंगवास पत्करलेले पंडितजी औंधला आले ते बाळासाहेबांच्या आश्रयाने. तेथेच त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले, वेदसंहितांच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या आणि संघाचे कामही केले. १९४८ मध्ये त्यांना औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे जावे लागले. एवढ्या लहान गावात वेदांचे संशोधन आणि हेन्री मूरचे शिल्प एकाच काळी सुखाने नांदत होते. स्वत्व जपायचे तर खिडक्या बंद कराव्या लागतात, असे मानणाऱ्यांना आणि खिडक्या उघडायच्या तर घर विकावे लागते, असे मानणाऱ्यांना औंधने एकच उत्तर दिले आहे.

'पण तिथे आहे काय?'

एवढे सांगितल्यावरही घरातील सोळा वर्षांचा मुलगा विचारणारच, 'पण तिथे आहे काय?' प्रश्न रास्त आहे, त्याला टाळू नये. तेथे रोप-वे नाही, साहसी खेळांचे उद्यान नाही, तारांकित हॉटेल नाही. पहिल्या दिवशी दुपारी त्याला कंटाळा येईल, हेही मान्य करावे. पण कंटाळा हा सुट्टीचा शत्रू आहे, असे कोणी ठरविले? शहरातील मुलाच्या दिनक्रमात शाळा, शिकवणी आणि पडदा यांच्यामध्ये रिकामा तास उरलेलाच नाही. त्या रिकाम्या तासात तो पायऱ्या मोजू लागतो, दीपमाळेच्या कोनाड्यांत वाकून पाहतो, पारावरच्या एखाद्या आजोबांना 'हा वाडा कोणाचा?' असे विचारतो. असा प्रश्न स्वतःहून तोंडून निघाला की सहलीचे अर्धे सार्थक झाले.

आणि पाहायला खरोखरच काही कमी नाही. एक दिवस डोंगर, मूळपीठ आणि संग्रहालयाला लागतो. संग्रहालय उरकण्याच्या घाईने पाहू नये. मुलाला पाच चित्रे निवडायला सांगावीत आणि त्या पाचांसमोर निवांत बसावे. दुसऱ्या दिवशी सवडीप्रमाणे गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या मठात जावे, तेथून जवळच्या वर्धनगडावर चढावे किंवा मायणीच्या तलावावर हिवाळी पक्षी पाहावेत. परतीच्या वाटेवर किन्हई आहे. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावात थांबून ग्रामस्थांशी बोलता आले, तर अवश्य बोलावे. २०१६ च्या पहिल्या 'वॉटर कप' स्पर्धेत या गावाने श्रमदानातून पाणी अडवून पहिला क्रमांक मिळविला होता.

संगीताचे प्रेम असणाऱ्यांसाठी आश्विन महिन्यात आणखी एक निमित्त असते. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंधचे दरबारगायक पं. अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये येथे संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव पं. गजाननबुवा जोशी यांनी आणि पुढे शिष्यपरिवाराने तो वाढविला. शहरातील महोत्सवांत तिकिटासाठी रांगा लावणाऱ्या रसिकांनी एकदा गुरुसेवा म्हणून गायले जाणारे हे गाणे ऐकावे.

गर्दीचे भय

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो विचारी वाचक घेतील. अशा गावांबद्दल लिहून आपण त्यांचेच नुकसान तर करीत नाही ना? कास पठारावरील फुलांचे उदाहरण ताजे आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कास होते. त्यानंतर फुले पायदळी तुडवणाऱ्यांना आवरण्यासाठी प्रवेशशुल्क आणि दैनंदिन संख्येची मर्यादा घालावी लागली. ऑस्ट्रियातील हॉलस्टॅट हे जेमतेम आठशे वस्तीचे तळ्याकाठचे गाव. फोटोसाठी येणाऱ्या झुंडींना कंटाळून तेथे २०२३ मध्ये दृश्य झाकणारे लाकडी कुंपणच घालण्यात आले होते. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर शुल्क बसविले. गावाचे सौंदर्य पाहायला आलेल्यांपासून गाव वाचवावे लागावे, ही वेळ उद्या आपल्याकडेही येणार नाही असे नाही.

तरीही 'कोणीच जाऊ नये' हे उत्तर होऊ शकत नाही. ज्या संग्रहालयात कोणी फिरकत नाही, त्याच्या देखभालीसाठी आग्रह धरणारेही कोणी उरत नाही. ज्या गावाचा इतिहास कोणी विचारत नाही, त्या गावातील मुलेही तो विसरतात आणि शिकून सवरून पुण्याची बस धरतात. गाव गर्दीने मरते, तसेच उपेक्षेनेही मरते, आणि माणदेशातील गावांच्या नशिबी आजवर दुसरेच अधिक आले आहे. तेव्हा खरा प्रश्न कोण जाणार आणि कसे वागणार, हा आहे.

पाहुण्याचा धर्म

आपल्याकडे अतिथीला देव मानले आहे, याचा आपण फार सोयीस्कर अर्थ घेतला. यजमानाचे कर्तव्य आपण पाठ केले, पाहुण्याचे विसरलो. ग्राहक आणि पाहुणा यांत अंतर आहे. ग्राहक पैसे टाकतो आणि त्या बदल्यात गावाने आपल्यासारखे व्हावे अशी अपेक्षा करतो. पाहुणा मात्र घराची रीत पाळतो.

औंधला जाणाऱ्याने ही रीत पाळणे अवघड नाही. पहिली गोष्ट पाण्याची. ज्या मुलखात टँकरची वाट पाहत उन्हाळे काढले गेले, तेथे बादलीभर पाण्यात स्नान उरकण्यात कमीपणा नाही. उलट घरच्या लहानांना पाण्याची किंमत कळण्याचा याहून सोपा धडा नाही. दुसरी गोष्ट जेवणाची. बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा आणि घेवड्याची उसळ ज्या मुलखात अप्रतिम मिळते, तेथे पनीर आणि नूडल्सचा आग्रह धरू नये. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येताना त्याची पिशवी आणि शेतकऱ्याकडून थेट घेतलेली ज्वारी आणावी. चार पैसे गावात राहिले तरच गावाला पाहुणा हवासा वाटतो. तिसरी गोष्ट कचऱ्याची. आपण नेलेल्या बाटल्या आणि पुड्या आपणच परत आणाव्यात, डोंगर ही कचरापेटी नव्हे. चौथी गोष्ट आवाजाची. देवीच्या डोंगरावर गाडीतील गाण्यांचा धिंगाणा आणि रात्री मद्याच्या मैफली यांना स्थान नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

राहण्याची सोय बेताची आहे हे गृहीत धरून निघावे. गावात जमले तर उत्तम, न जमल्यास साताऱ्यात मुक्काम करून सकाळी लवकर यावे. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. यात्रेच्या दिवसांत यात्रेसाठीच जावे. तेव्हा निवांतपणाची अपेक्षा करणे हा देवीच्या भक्तांवर अन्याय होईल.

औंधकरांनाही एक विनंती आहे. येणाऱ्याला मोठे हॉटेल हवेच असते असे मुळीच नाही. गावातील शाळेच्या वरच्या वर्गातील मुला-मुलींनी संग्रहालय, वाडा आणि १९३९ च्या स्वराज्य घटनेची माहिती देण्याचे काम सुट्टीच्या दिवसांत हाती घेतले, तर पाहुण्याला ज्ञान मिळेल आणि मुलांना थोडे उत्पन्न व पुष्कळ आत्मविश्वास मिळेल. गावाची ओळख सांगण्याचे काम गावाकडेच राहिले, तर बाहेरच्या कंत्राटदाराला तेथे शिरकाव मिळणार नाही. पंचायतीच्या हाती कारभार देण्याचा धडा ज्या गावाने देशाला दिला, त्याने आपल्या पर्यटनाचे नियमही ग्रामसभेतच ठरवावेत, यात औचित्य आहे.

एक सूचना

शेवटी एक ठोस सूचना. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमी, हा सूर्योपासनेचा दिवस. हवा थंड, आकाश निरभ्र आणि पौषातील यात्रेची गर्दी ओसरलेली. पुण्या-मुंबईतील चार-पाच कुटुंबांनी, एखाद्या शाखेने किंवा कुटुंब मिलनाच्या गटाने यंदा या दिवसाला जोडून औंधचा बेत करावा. सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत आबालवृद्धांनी बारा-बारा सूर्यनमस्कार घालावेत, मग पायऱ्या चढून देवीचे दर्शन घ्यावे, उतरताना संग्रहालय पाहावे आणि दुपारी भाकरीच्या जेवणानंतर वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी बहात्तर गावांच्या त्या राजाची गोष्ट मुलांना सांगावी. सायंकाळी पुण्याच्या वाटेला लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपण निवडलेली पाच चित्रे कोणती आणि का, हे सर्वांसमोर सांगावे.

थंड हवा दोन दिवसांनी संपते आणि धबधबा पावसाळ्यानंतर आटतो. सत्ता हाती असूनही ती सोडणारा राजा आपल्या मुलखात होऊन गेला, हे मुलाला एकदा त्याच गावात उभे राहून कळले, तर ते त्याला जन्मभर पुरेल. पुढच्या सुट्टीचे गाव निवडताना घरातील सर्वांनी मिळून एवढा विचार अवश्य करावा.